भिजलेल्या फुलांचं वजन

आमच्या कोथरूडच्या घरात संध्याकाळी पाच ते आठ कोणी मोठ्याने बोलत नसे. बाहेरच्या खोलीत आईची गणिताची शिकवणी चाले. चौदा मुलं, दोन सतरंज्या, एक फळा. मी कामावरून आलो की जिन्यातच एकोणतीसचा पाढा ऐकू येई, दार उघडलं की कुकरची शिट्टी, आणि आत गेलो की लसणाच्या चटणीचा खमंग वास. बाबा सरकारी कचेरीतून आधीच आलेले असत आणि आतल्या खोलीत पेपर वाचत बसत. शिकवणी चालू असताना त्यांना पान उलटायचं झालं तरी ते आवाज न करता उलटत. आईची एक रीत होती. उत्तर आलं म्हणून त्याखाली लगेच रेघ मारायची नाही. आधी ताळा करायचा, म्हणजे उत्तरावरून उलट मागे जाऊन सगळं जुळतं का ते बघायचं. आणि एखाद्याचं उत्तर बरोबर, पण रीत चुकलेली असली, तर ती सरळ शून्य देई. पालक भांडायला येत. "अहो बाई, उत्तर तर बरोबर आहे ना?" आई चष्मा पुसत म्हणे, "ते नशिबाने आलंय. नशिबाला मी मार्क देत नाही."

मला पायलट व्हायचं होतं. हे वेड कुठून आलं ते सांगता येत नाही, आमच्या घरात तोवर कोणी विमानात बसलेलंही नव्हतं. विमान शिकायला तासाला जेवढे पैसे लागत, तेवढ्यात आमच्या घराचा महिना निघे, त्यामुळे तो विषय दोन वर्षं नुसता जेवणाच्या ताटावर फिरत राहिला. मग विमानाने मालवाहतूक करणारी एक खासगी कंपनी पुण्यात सुरू झाली. तिने एक योजना काढली होती. जमिनीवरच्या नोकरीत तीन वर्षं झालेल्यांपैकी दरवर्षी एकाला कंपनी स्वतःच्या खर्चाने विमान शिकायला पाठवणार. तीन अटी होत्या. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र, डॉक्टरी तपासणीत पास, आणि कंपनीच्या एका कॅप्टनचं शिफारसपत्र. पहिल्या दोन माझ्या हातात होत्या. तिसरीसाठी मी लोहगाव विमानतळावर कार्गो शेडमध्ये खोकी मोजायला लागलो. बाबा म्हणाले, "छान. रेल्वेचा ड्रायव्हर व्हायला आधी हमाली करतात, हे मात्र मी ऐकलं नव्हतं." आईने दुसऱ्या दिवशी डब्यात चार पोळ्यांऐवजी सहा घातल्या.

माझं काम असं होतं. आलेला माल काट्यावर ठेवायचा, वजन लिहायचं, पुढे किती आणि मागे किती ठेवायचं ते ठरवायचं, आणि सगळ्याची मिळून लोडशीट करायची. त्या एका कागदावरून कॅप्टन ठरवतो की विमान किती वेगाला उचलायचं आणि धावपट्टी पुरेल की नाही. आमचं विमान जुनं होतं, दोन पंख्यांचं. त्यात पाच हजार चारशे किलो माल चाले, त्यावर एक किलो नाही. मला ते काम आवडलं. लोकांना वाटतं तशी ती नुसती हमाली नव्हती. विमान हवेत जातं ते आधी कागदावर जातं, हे मला तिथे कळलं.

हे मला शिकवलं कॅप्टन मोहित्यांनी. ते पूर्वी हवाई दलात होते. पन्नाशीचे, सडसडीत, कमी बोलणारे. पुण्याहून दिल्लीला जाणारं दुपारचं विमान बहुतेक तेच नेत. निघण्याआधी ते शेडमध्ये माझ्या डब्यातली एक पोळी आणि आईची चटणी खात, आणि खाता खाता पेन्सिलीने पंखाचं चित्र काढून दाखवत. लोडशीट हातात दिली की ते आधी कागदाकडे बघत नसत, माझ्याकडे बघत. "आकडा बरोबर?" मी म्हणायचो, "बरोबर." मग सही. आणि त्यांचा एक नियम होता, तो दुसऱ्या कोणत्या कॅप्टनचा मी पाहिला नाही. ज्याने वजन केलं त्यानेच विमानाच्या नाकासमोर डाव्या हाताला उभं राहायचं आणि चाकं हलेपर्यंत अंगठा वर धरायचा. "कागद कोणीही लिहितो, केळकर," ते म्हणत. "समोर उभं राहायला माणूस लागतो."

त्यांच्याच सांगण्यावरून मी बुधवार पेठेतून एक जुनं थांबघड्याळ आणलं. विमान धावायला लागल्यापासून चाकं सुटेपर्यंत किती सेकंद लागतात ते रोज वहीत लिहायचं, तापमानासकट. शेडच्या मागच्या दारातून धावपट्टी सरळ दिसे. निम्म्यावर पंपाची खोली होती, तिच्यापुढे वाऱ्याची दिशा दाखवणारी नारिंगी कापडी नळी, आणि अगदी टोकाला कुंपणाची भिंत. भिंतीपलीकडे जमीन उतरत जाई आणि तिथे बाभळी होत्या. थंडीत तेवीस सेकंद लागत, चाकं पंपाच्या खोलीजवळ सुटत. तिसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये सव्वीस झाले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एकोणतीस, आणि चाकं नारिंगी नळीच्या पुढे गेल्यावर सुटायला लागली. मी वही दाखवली तेव्हा कॅप्टन म्हणाले, "ऊन. हवा तापली की पातळ होते, पंखाला धरायला काही राहत नाही. विमान जड वाटतंय खरं." थोडं थांबून ते म्हणाले, "इंजिनं बघायला सांगतो." इंजिनं बघितली. त्यांत काही नव्हतं.

मग एप्रिलच्या मधोमध चार दिवस ढग आले. पारा सहा अंशांनी उतरला. मी वही उघडून उभा राहिलो, कारण मला माझा ताळा मिळणार होता. ऊन कमी, तर सेकंदही कमी व्हायला हवेत. पहिल्या दिवशी एकोणतीस. दुसऱ्या दिवशी तीस. शेडमध्ये त्या दिवशी गार वारा येत होता. ऊन हे उत्तर नव्हतं. मग उत्तर आमच्या शेडमध्ये असणार होतं.

त्या दिवसांत आमचा मुख्य माल गुलाब. तळेगावकडे शेतात प्लॅस्टिकची मोठी घरं उभारून गुलाब लावायला तेव्हा नुकती सुरुवात झाली होती, आणि दिल्लीला लग्नसराई. त्या भागातल्या शेतकऱ्यांचा माल गोळा करून आणणारे एक अण्णा होते. पांढरी टोपी, कपाळाला बुक्का, आणि येताना आमच्यासाठी न चुकता काकड्या. त्यांची तीनशे दहा खोकी रोज सकाळी अकराला येत. एकेक खोकं चौदा किलो. काट्यावर चढवून, वजन लिहून आम्ही ती शेडमध्ये रचत असू. विमान साडेतीनला. शेड पत्र्याची, थंड खोली नाही, आणि गुलाब साडेचार तास तसाच ठेवला तर मान टाकतो. म्हणून अण्णांची माणसं खोक्यांवर पाइपने पाणी मारत. मार्चमध्ये एकदा मारत, एप्रिलमध्ये तीनदा. पुठ्ठा पाणी पीत असे, आतला कागद पीत असे. शेडभर डिझेल आणि ओल्या गुलाबाचा वास भरून राही. आम्ही सगळे रोज ते बघत होतो. मीही बघत होतो, भिजू नये म्हणून पँट वर दुमडून. वजन अकराला होई आणि पाणी त्यानंतर पडे, आणि या दोन गोष्टी कोणी एकत्र ठेवून बघितल्या नव्हत्या.

मंगळवारी दुपारी तीनला, खोकी विमानाकडे नेण्याआधी, मी मधून-मधून दहा उचलली आणि पुन्हा काट्यावर ठेवली. सरासरी सोळा किलो शंभर ग्रॅम. म्हणजे खोक्यामागे दोन किलो शंभर ग्रॅम जास्त. तीनशे दहा खोक्यांचे सहाशे एक्कावन्न किलो. त्या दिवशी कागदावर फुलं आणि मोटारीचे सुटे भाग मिळून पाच हजार तीनशे साठ किलो होते, म्हणजे चाळीसची जागा शिल्लक. विमान सहाशे अकरा किलो जास्त घेऊन उडणार होतं, आणि काल, परवा, त्याआधीही तसंच उडालं होतं.

मी तो कागद घेऊन आमचे मॅनेजर बर्वे यांच्याकडे गेलो. अण्णा तिथेच चहा पीत बसले होते. बर्व्यांनी कागद वाचला आणि उलटा करून टेबलावर ठेवला.

"अहो केळकर, ते पाणी आहे," ते म्हणाले.

अण्णा हसले. "पानीच हाय की सायब. दिल्लीला जाईस्तोवर उडून जातंय समदं."

"दिल्लीला जाईपर्यंत जातं. इथून उठताना असतं," मी म्हणालो.

बर्व्यांनी अण्णांना बाहेर जाऊ दिलं. मग शांतपणे विचारलं, "किती खोकी उतरवावी लागतील म्हणता?"

"अडतीस."

"तीनशे दहाचा करार आहे. दोनशे बहात्तर घेतली तर अण्णा उद्या दुसऱ्या कंपनीकडे. मग पुण्याचं विमान बंद. मग तुम्ही आणि मी, दोघं मिळून काकड्या विकू." त्यांनी खण उघडून एक यादी काढली. "शुक्रवारी शिकायला पाठवायची नावं दिल्लीला जाणार. पुण्यातून एकच आहे, तुमचं. मोहिते साहेब पत्र लिहून देतायत म्हणे. आता गेला महिनाभर विमान उडतंय ना रोज? पडलंय का कधी?"

मी यादीतलं माझं नाव वाचलं.

"मग शुक्रवार जाऊ द्या. सोमवारी आपण काटा पाण्यानंतर लावू. चार दिवसांचा प्रश्न आहे."

आज मी पंचावन्न वर्षांचा आहे. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये पाटी आहे, सहा माणसं, चारशे आठ किलो. सातवा माणूस आत आला की मी बाहेर पडतो आणि चार मजले चढून जातो. सोसायटीतली मुलं मला मागून 'काटा' म्हणतात, हे मला माहीत आहे. त्यांना वाटतं हा माणूस जन्मापासून असाच आहे. म्हणून पुढचं लिहिणं भाग आहे. मी बर्व्यांचं बोलणं ऐकून माझ्या टेबलाशी आलो आणि चौदा किलोच्या हिशेबाने लोडशीट केली. माझ्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती. मी नापसंतीही दाखवली नाही. मी एवढाच विचार केला की तीस सेकंदांत उडतंय, आणि भिंत अजून लांब आहे.

मंगळवारी तीस सेकंद लागले. बुधवारी एकतीस. मी ते वहीत लिहिलं. घरी जेवताना आईने विचारलं, "पत्र मिळालं का रे?" मी म्हणालो, उद्या मिळेल. तिने गोडाचा शिरा केला होता, आधीच. बाबा म्हणाले, "आपल्याला फुकट तिकीट मिळणार असेल तर मी खिडकीशी बसेन, आत्ताच सांगून ठेवतो." मी शिरा खाल्ला. त्या रात्री झोपही लागली, हे मला आजही चांगलं वाटत नाही.

गुरुवारी ऊन परत आलं, पारा बेचाळीसवर. वारा अजिबात नव्हता, नारिंगी नळी काठीला चिकटून लोंबत होती. अण्णांच्या माणसांनी त्या दिवशी चार वेळा पाणी मारलं. विमानाकडे नेताना खोक्यांतून पाणी ठिबकत होतं आणि शेडपासून विमानापर्यंत एक ओली रेघ उमटली होती. कॅप्टन मोहित्यांनी माझी पोळी खाल्ली, हात पुसले, आणि शर्टाच्या खिशावर दोन बोटं ठेवून म्हणाले, "तुझं पत्र लिहिलंय. दिल्लीत माझ्या हाताने देतो. शुक्रवारची वाट कशाला बघायची." मग त्यांनी हात पुढे केला. मी लोडशीट दिली. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आकडा बरोबर?"

"बरोबर," मी म्हणालो.

ते सही करून चढले. मी विमानाच्या नाकासमोर डाव्या हाताला उभा राहिलो. काचेमागे ते दिसत होते, शेजारी त्यांचा तरुण सहवैमानिक. मी अंगठा वर केला. चाकं हलली. मी धावत शेडच्या मागच्या दाराशी गेलो आणि घड्याळ दाबलं.

पंपाची खोली गेली. पंचवीस. नारिंगी नळी गेली. तीस. चाकं खालीच होती. तेहेतीस. नाक थोडं उचललं आणि पुन्हा बसलं. मला आठवतं, मी घड्याळाकडे बघत होतो, विमानाकडे नाही, जसं काही आकडा थांबला की विमान उठेल. अडतिसाव्या सेकंदाला चाकं सुटली, भिंतीच्या अगदी अलीकडे. विमान भिंतीवरून गेलं आणि वर न जाता पलीकडच्या उतारावर खाली गेलं. दिसेनासं झालं. बाभळींतून पांढरे पक्षी एकदम वर उठले, आणि त्यांच्या मागून धूळ. इंजिनांचा आवाज चालू होता, पण तो जमिनीतून आल्यासारखा येत होता. शेडमध्ये कोणी तरी पाइप सोडून दिला होता, त्यातून पाणी वाहत होतं, आणि तो आवाज मला इंजिनांच्या आवाजाइतकाच मोठा वाटला. मी घड्याळ थांबवायला विसरलो. एक मिनिट नऊ सेकंदांनी विमान पुन्हा दिसलं, खूप लांब, झाडांच्या शेंड्यांना टेकल्यासारखं. ते दिल्लीकडे वळलं नाही. मोठं वर्तुळ घेऊन ते सव्वीस मिनिटांनी परत उतरलं.

सहवैमानिक उतरला आणि विमानाच्या सावलीत खाली बसला. कॅप्टन विमानाभोवती एक फेरी मारून डाव्या चाकांशी वाकले. तिथे बाभळीची एक फांदी अडकली होती, हातभर लांब, काट्यांची, टोकाला पिवळी फुलं. त्यांनी ती ओढून काढली. त्यांच्या बोटातून रक्त आलं. ती फांदी तशीच हातात घेऊन ते शेडमध्ये आले आणि म्हणाले, "दहा खोकी काट्यावर ठेव."

मी ठेवली. काटा सतरावर गेला. एकावर तर साडेसतरावर. बर्वे दारात उभे होते. त्यांनी काही म्हणायला तोंड उघडलं, पण कॅप्टननी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

"तुला हे आत्ता कळतंय?" त्यांनी मला विचारलं.

'हो' म्हणणं सोपं होतं. बर्वेही तेच म्हणाले असते, अण्णाही. पण मंगळवारचा कागद बर्व्यांच्या टेबलावर उलटा पडलेला होता, त्यावर माझं अक्षर होतं.

"मंगळवारी," मी म्हणालो.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मग त्यांनी खिशातून पत्र काढलं. पाकीट उघडंच होतं. "एकच वाक्य महत्त्वाचं आहे, वाच," ते म्हणाले. मी वाचलं. 'या मुलाने दिलेला आकडा मी पुन्हा तपासत नाही.'

"काल रात्री लिहिलं तेव्हा ते खरं होतं," कॅप्टन म्हणाले. "मी ते फाडत नाही. सही माझी आहे, पत्ता लिहिलेला आहे. पाठवायचं की नाही ते तू ठरव. तू पाठवलंस तर मी नाही म्हणणार नाही." ती फांदी त्यांनी काट्यावर ठेवली आणि सहवैमानिकाला उठवायला गेले.

त्यांनी वर काय कळवलं ते मला कधी कळलं नाही. माझं नाव त्यात नसावं, कारण मला कोणी विचारलं नाही. सोमवारपासून काटा विमानाजवळ आला आणि खोकी दोनशे साठवर आली. अण्णा दुसऱ्या कंपनीकडे गेले नाहीत. महिन्याभरात बर्व्यांची बदली झाली. मोहित्यांचीही झाली, ती त्यांनी मागून घेतली असं ऐकलं. निघायच्या दिवशी ते शेडमध्ये आले नाहीत.

त्या गुरुवारी मी घरी पोचलो तेव्हा शिकवणी संपत आली होती. मुलं गेल्यावर मी आईला सगळं सांगितलं, आकड्यांसकट, सहाशे अकरापासून अडतीस सेकंदांपर्यंत. ती फळा पुसत ऐकत होती. मग तिने पत्र वाचलं, दोनदा. मला वाटलं होतं ती काय म्हणेल ते मला ठाऊक आहे. ती फळ्याकडे तोंड करूनच म्हणाली, "सगळे सुखरूप परत आले ना?"

"हो."

"मग पाठव."

आतल्या खोलीत बाबांनी पेपर खाली घेतला. जिने कोणाच्या नशिबाला अर्धा मार्क दिला नव्हता, तिने मला पुरे दिले होते, आणि देताना माझ्याकडे बघितलं नव्हतं.

मी पाकीट चिकटवलं, तिकिटं लावली आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेलो. तिथे उभा राहिलो. एक माणूस आला, त्याने आपलं पत्र टाकलं, माझ्याकडे बघून गेला. नंतर एक बाई आल्या. मग मी पाकीट शर्टाच्या आत घालून परत आलो. आईने ताटं मांडली होती. तिने विचारलं, "टाकलंस?"

"टाकलं," मी म्हणालो.

तिने लगेच विषय बदलला, भाजीत मीठ कमी आहे का विचारलं. तिने ताळा केला नाही. पुढे मी ती कंपनी सोडली, चाकणकडे एका कारखान्यात माल पाठवण्याच्या विभागात लागलो, लग्न झालं. लग्नात गळ्यात गुलाबाचा हार पडला तेव्हा मला बाहेर जाऊन उभं राहावं लागलं, आणि सगळ्यांना वाटलं उन्हामुळे. आई दोन वर्षं पोस्टमनला विचारत राहिली. ते विचारणं थांबल्यावरही ती शिकवणीच्या मुलांना सांगत असे, आमच्या श्रीकांतचं नाव निवडलेलं होतं हो, पण त्या दिल्लीच्या लोकांनी कागद नीट वाचलाच नसणार. शेवटच्या आजारातही एकदा तिने ते डॉक्टरांना सांगितलं. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. पाकीट तेव्हा घरीच होतं, आमच्या लोखंडी कपाटात, तिच्या साड्यांच्या खालच्या कप्प्यात. आजही तिथेच आहे, तिकिटं लावलेलं, बंद.